आधी विजेच्या बिलाची सोय करा, मग बर्फ

मा. क्रीडामंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई यांस,

स.न.वि.वि.

दरवर्षी २६ डिसेंबरच्या सुमारास, आपल्याकडे नाताळची सुट्टी चालू असताना, वीस वर्षांखालच्या मुलांची आइस हॉकीची जागतिक स्पर्धा सुरू होते. २०२५ च्या जानेवारीत, कॅनडातल्या ओटावात, अंतिम सामन्यात अमेरिकेने फिनलंडला जादा वेळेत ४-३ असं हरवलं, तो सामना आमच्या मुलुंडच्या घरात शाळेची बस सोडून पाहिला गेला. (बाईंना काय सांगितलं ते विचारू नका.)

मुंबईचा आणि या खेळाचा काय संबंध, असं आपल्याला वाटेल. २०२५ मध्येच भारताच्या मुलींनी आशिया चषकात कांस्यपदक मिळवलं, ते संयुक्त अरब अमिरातीतल्या अल ऐनला. ते वाळवंटातलं शहर! उन्हाचं कारण तिथेच निकालात निघालं. त्या संघाचा कणा लडाखच्या मुली. त्यांच्याकडे निदान थंडीत तळी तरी गोठतात.

आमची मुलं सोसायटीच्या पार्किंगमध्ये चाकांच्या स्केट्सवर खेळतात. वेग येतो, पास जमतात, अडतं ते थांबण्यात. बर्फावर स्केट्सची दोन्ही पाती झटक्यात आडवी करून, बर्फ खरवडत थांबावं लागतं. पेव्हर ब्लॉकवर हे शिकवणार कसं? मॉलमधला स्नो पार्क फोटो काढायला ठीक आहे.

म्हणून मागणी एकच : मुंबईत पूर्ण मापाची, म्हणजे साधारण ६० बाय ३० मीटरची, एक बंदिस्त रिंक, म्हणजे बर्फाचं मैदान. पण तिची घोषणा करण्याआधी ती चालवायच्या खर्चाची तरतूद करा.

काँक्रीटच्या लादीत नळ्यांचं जाळं असतं, त्यातून उणे तापमानाचा द्रव फिरतो आणि वर जेमतेम तीन-चार सेंटिमीटर बर्फ धरतो. आपल्याकडे उन्हापेक्षा दमट हवा जास्त छळेल. ती आत शिरली की बर्फावर धुकं साचतं, छताला पाणी सुटतं, थेंब खाली पडून गोठतात आणि पृष्ठभागावर टेंगळं येतात. म्हणजे हवा कोरडी करणारी यंत्रंही सतत चालू हवीत. रात्री कुलूप लावून मेन स्विच बंद करावा, असं हे मैदान नव्हे.

डेहराडूनचं उदाहरण समोर आहे. २०११ साली दक्षिण आशियाई हिवाळी खेळांसाठी तिथे झकास रिंक बांधली. खेळ संपले, चालवायचा खर्च झेपेना, वर्षानुवर्षं ती बंद राहिली. ती २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाली. मधल्या काळात मुलांची एक अख्खी पिढी वयात बसेनाशी झाली.

महालक्ष्मी रेसकोर्सच्या जमिनीखाली क्रीडासंकुल उभारण्याची चर्चा आहे. आराखडा कागदावर आहे तोवरच तिथे रिंकची जागा आखता येईल; नंतर लादी फोडून नळ्या घालणं परवडणार नाही. वीज आणि देखभालीचे दहा वर्षांचे पैसे वेगळ्या खात्यात ठेवा. स्केट्स आणि हेल्मेट भाड्याने मिळू द्या, कारण ते विकत घेणं सगळ्यांना जमत नाही. सकाळचे दोन तास शाळांना सवलतीत द्या, संध्याकाळी हवं तर हौशी लोकांकडून दुप्पट घ्या.

आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरवण्याची घाई करू नका. २०१६ साली मेक्सिको सिटीत वीस वर्षांखालच्या मुलांच्या याच जागतिक स्पर्धेचा खालचा विभाग खेळला गेला, पण तिथे रिंक होती आणि खेळणारी मुलंही होती.

पुढच्या अर्थसंकल्पात यासाठी वेगळं लेखाशीर्ष असेल का, एवढं कळवावं.

आपला,
मुलुंडचा एक पालक