विमान उडो वा न उडो, भाडे द्यावेच लागते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नाशिकच्या ओझर विमानतळावरून एखादी विमानसेवा बंद पडली की नाशिकमधली चर्चा ठरलेली असते: प्रवासी मिळाले नाहीत, वेळ गैरसोयीची होती, मुंबई जवळच आहे. यातले थोडेफार खरेही आहे. पण २०१७ अखेर १९ आसनी विमाने घेऊन आलेली एअर डेक्कन, २०१८ मध्ये नाशिक-दिल्ली सेवा सुरू करणारी जेट एअरवेज आणि त्यानंतरची ट्रूजेट, या तिन्ही कंपन्या आज उडत नाहीत. जेटचे दिल्लीचे विमान २०१९ मध्ये थांबले ते कंपनीच बसली म्हणून. सिंहस्थ कुंभमेळा तोंडावर आला आहे आणि नव्या सेवांची मागणी जोरात आहे. अशा वेळी येणाऱ्या कंपनीला तिकीटदर आणि वेळापत्रक विचारले जाते, विमान कोणाचे हे कोणी विचारत नाही. खरे तर तोच प्रश्न आधी विचारायला हवा.

आपल्या देशात उडणारी बहुतेक प्रवासी विमाने भाड्याची, म्हणजे लीजवरची आहेत. शेपटीवर रंग विमान कंपनीचा असतो, मालक मात्र डब्लिनमधली किंवा सिंगापूरमधली लीज कंपनी असते. ड्राय लीजमध्ये नुसते विमान मिळते. वैमानिक, इंधन, देखभाल, विमा सगळे भाडेकरूने पाहायचे. वेट लीजमध्ये विमानाबरोबर कर्मचारी, देखभाल आणि विमाही मालकाचा असतो. पण ते महाग पडते, महिन्याला ठरावीक तासांचे पैसे उडाले नाही तरी द्यावे लागतात आणि परदेशी विमान असेल तर डीजीसीएची, म्हणजे नागरी विमान वाहतुकीच्या नियामकाची, परवानगीही मुदतीचीच असते. स्वस्त तिकिटांची कंपनी बहुधा ड्राय लीजवर सुरू होते. दोन-तीन महिन्यांचे भाडे अनामत ठेवले की शेकडो कोटींचे विमान दारात उभे राहते. आकर्षण हेच असते. मात्र करारात एक कलम जवळपास नेहमी असते: विमान उडो वा न उडो, इंजिन बिघडो, साथ येवो, सरकार उड्डाणे थांबवो, भाडे ठरल्या तारखेला आणि कोणतीही वजावट न करता द्यायचे.

हे भाडे डॉलरमध्ये असते. निफाड-दिंडोरीचा द्राक्ष निर्यातदार युरोत कमावतो आणि मजुरी, औषधे, खते रुपयांत भागवतो; देशांतर्गत विमान कंपनीचे नेमके उलटे आहे. एअरबसच्या नव्या ए३२० निओ विमानाचे मासिक भाडे साधारण साडेतीन ते चार लाख डॉलर धरतात. २०२२ च्या सुरुवातीला डॉलर ७४ रुपयांच्या आसपास होता, त्याच वर्षी ऑक्टोबरात तो ८३ वर गेला. चार लाख डॉलरचे भाडे २ कोटी ९६ लाखांवरून ३ कोटी ३२ लाखांवर गेले. एका विमानामागे महिन्याला ३६ लाख जादा. ५० विमानांमागे वर्षाला २१६ कोटी. प्रवासी तेवढेच, विमाने तीच. इंधन आणि परदेशातली दुरुस्तीही डॉलरच्याच भावाने महागते. शिवाय २०१९ पासून लागू झालेल्या लेखा मानकानुसार लीजची उरलेली सगळी देणी ताळेबंदात कर्ज म्हणून दाखवावी लागतात. रुपया घसरला की पुढच्या वर्षांच्या भाड्याचा फटकाही याच तिमाहीच्या तोट्यात दिसतो, आणि बँका लगेच हात आखडता घेतात.

आता हेच ३ कोटी ३२ लाख आसनावर वाटून पाहू. १८६ आसने, त्यातली ८५ टक्के भरलेली, म्हणजे १५८ प्रवासी. विमानाने दिवसाला सहा फेऱ्या केल्या तर एका प्रवाशावर नुसत्या भाड्याचा बोजा १,१६७ रुपये पडतो. फेऱ्या चारवर आल्या की तोच १,७५० होतो. यात इंधन, विमानतळ शुल्क, पगार काहीच धरलेले नाही. स्वस्त कंपन्या २५-३० मिनिटांत विमान रिकामे करून, भरून परत उडवण्यासाठी जिवाचा आटापिटा करतात तो यासाठी. धुक्यात अडकलेली किंवा सुट्या भागाची वाट पाहत उभी राहिलेली फेरी पुन्हा विकता येत नाही, भाड्याचा मीटर मात्र चालूच असतो.

गो फर्स्ट या स्वस्त तिकिटांच्या भारतीय कंपनीचे तेच झाले. ए३२० निओसाठी दोन इंजिने उपलब्ध असतात; गो फर्स्टने प्रॅट अँड व्हिटनी या कंपनीचे जीटीएफ इंजिन घेतले. एकदा एका इंजिनाचे विमान घेतले की त्याला दुसऱ्या कंपनीचे इंजिन लावता येत नाही. जीटीएफ वेळेआधीच पंखावरून उतरवावी लागू लागली आणि बदली इंजिने मिळेनात. कंपनीच्याच निवेदनानुसार जमिनीवर खिळलेल्या विमानांचे प्रमाण डिसेंबर २०१९ मध्ये ७ टक्के, वर्षभराने ३१ टक्के आणि डिसेंबर २०२२ मध्ये ५० टक्के झाले. प्रॅट अँड व्हिटनीने आरोप फेटाळले आणि गो फर्स्ट मुळात पैसे थकवत आली आहे असे सांगितले. दोष कोणाचा हा वाद बाजूला ठेवला तरी हिशेब बदलत नाही: अर्धी विमाने उभी असताना उडणाऱ्या प्रत्येक विमानाला दोन विमानांचे भाडे कमवावे लागत होते. इतक्या पातळ नफ्याच्या धंद्यात ते कोणालाच जमणार नाही. २ मे २०२३ रोजी कंपनीने दिवाळखोरीसाठी अर्ज केला आणि दुसऱ्या दिवशी उड्डाणे थांबली. पुढे जुलै २०२३ मध्ये जीटीएफमधल्या काही चकत्या (डिस्क) ज्या धातूच्या भुकटीपासून घडवल्या तिच्यात दोष असल्याचे जाहीर झाले, आणि इंडिगोसह जगभरच्या कंपन्यांची विमाने महिनोन्महिने उभी राहिली. इंडिगो तगली, कारण तिच्याकडे रोकड होती, इंजिन कंपनीकडून भरपाई मिळवण्याइतकी ताकद होती आणि २०१९ च्या मोठ्या मागणीत तिने दुसऱ्या बनावटीचे लीप इंजिन निवडलेले होते.

सेल अँड लीजबॅक हा सगळ्यात फसवा भाग आहे. कंपनी एकदम शंभर-दोनशे विमानांची मागणी नोंदवते, त्यामुळे कारखाना मोठी सूट देतो. विमान ताब्यात येते त्याच दिवशी ते लीज कंपनीला जास्त भावाने विकायचे आणि लगेच भाड्याने परत घ्यायचे. समजण्यासाठी आकडे धरू: कारखान्याची किंमत ५ कोटी डॉलर, विक्री साडेपाच कोटींना. हातात ५० लाख डॉलर सुटतात. पण भाडे ठरते ते विक्रीच्या किमतीवर. महिन्याला किमतीच्या ०.७ टक्के धरले, तर त्या वाढीव ५० लाखांमुळे भाडे ३५ हजार डॉलरने वाढते. बारा वर्षांच्या, म्हणजे १४४ महिन्यांच्या लीजमध्ये ते ५० लाख ४० हजार डॉलर होतात. म्हणजे जो नफा वाटला ते आगाऊ घेतलेले कर्जच होते, तेही डॉलरमधले. नवी विमाने येत राहतात तोवर प्रत्येक डिलिव्हरीला रोकड मिळते आणि जुन्या भाड्याचा खड्डा झाकला जातो. कारखान्याकडून डिलिव्हरी लांबली, किंवा बाजार पडून लीज कंपन्यांनी भाव कमी केले, की हा ओघ आटतो आणि जुनी भाडी तेवढीच राहतात. अमेरिकेतल्या स्पिरिट एअरलाइन्सने ही पद्धत वापरली होती, तिची बरीच विमानेही जीटीएफमुळे उभी राहिली. ती नोव्हेंबर २०२४ मध्ये आणि पुन्हा ऑगस्ट २०२५ मध्ये दिवाळखोरी न्यायालयात गेली.

भाड्याखेरीज आणखी एक मासिक बिल असते, त्याची चर्चा बाहेर जवळजवळ होत नाही. ते म्हणजे मेंटेनन्स रिझर्व्ह. विमान किती तास आणि किती वेळा उडाले यावर ही रक्कम लीज कंपनीकडे भरायची: सहा आणि बारा वर्षांच्या मोठ्या तपासणीसाठी, दहा वर्षांनी होणाऱ्या लँडिंग गिअरच्या ओव्हरहॉलसाठी, शेपटीतल्या एपीयू या छोट्या साहाय्यक इंजिनासाठी, इंजिनाच्या दुरुस्तीसाठी आणि इंजिनातल्या ठरावीक आयुष्याच्या चकत्यांसाठी. चकत्यांचे आयुष्य तासांत नव्हे, उड्डाणांत मोजतात, म्हणून पाऊण तासाच्या छोट्या मार्गांवर ते लवकर संपते. पैसे परत मिळतात, पण काम आधी स्वतःच्या खर्चाने करून, बिले आणि प्रमाणपत्रे दाखवल्यावरच. कंपनीची रोकड आटली की ती इंजिन शॉपला पाठवू शकत नाही. इंजिन पाठवले नाही म्हणून रिझर्व्ह सुटत नाही. आणि इंजिनाविना विमान उभे. मग एका विमानाचा भाग काढून दुसऱ्याला लावायचा, असे सुरू होते. सुरुवातीला तो दोन दिवसांचा तोडगा वाटतो. सहा महिन्यांत कोपऱ्यातल्या विमानाचे नुसते कवच उरते आणि त्याचेही भाडे चालूच असते.

लीज संपताना विमान परत करणे हे तर स्वतंत्र संकट आहे. करारात परतीच्या अटींची जाड पुरवणी असते. ताजी मोठी तपासणी, इंजिनात दुर्बिणीने केलेली बोरोस्कोप पाहणी, चाचणी उड्डाण, आधीचा रंग खरवडून पांढरा रंग, आणि कागद. इंजिनातल्या प्रत्येक आयुष्यबद्ध चकतीचा कारखान्यातून निघाल्यापासूनचा अखंड इतिहास दाखवावा लागतो. मधल्या एका मालकाचे एक प्रमाणपत्र हरवले तरी ती चकती, चांगली असूनही, बाजारात शून्य किमतीची ठरते आणि नवीन बसवून द्यावी लागते. कागद पुरे होईपर्यंत भाडे थांबत नाही. अनेक करारांत ते मूळ दरापेक्षा चढेच असते. शहाणी कंपनी परतीची तयारी वर्षभर आधी, स्वतंत्र माणसे नेमून सुरू करते. अडचणीतली कंपनी नेमकी हीच माणसे सर्वांत आधी कमी करते.

पैसे थकल्यावर काय होते तेही गो फर्स्टनेच दाखवले. दिवाळखोरी कायद्यातल्या स्थगितीमुळे ५४ विमाने अडकली. लीज कंपन्यांनी दिल्ली उच्च न्यायालयात दाद मागितली. न्यायालयाने जुलै २०२३ मध्ये त्यांना महिन्यातून दोनदा विमाने पाहण्याची मुभा दिली आणि अखेर २६ एप्रिल २०२४ रोजी ती परत नेता यावीत म्हणून पाच कामकाजाच्या दिवसांत नोंदणी रद्द करण्याचा आदेश डीजीसीएला दिला. जवळपास वर्षभर विमाने उन्हापावसात उभी होती. उभ्या विमानाची चाके फिरवावी लागतात, इंजिने झाकावी किंवा ठरावीक अंतराने चालवावी लागतात, टाकीतल्या इंधनात बुरशी होऊ नये म्हणून औषध टाकावे लागते. हे न केल्यास विमान झपाट्याने खराब होते. त्या वर्षाची किंमत इतर भारतीय कंपन्यांनीही मोजली, कारण भारताला विमान देणे धोक्याचे असा समज पसरला. त्यावर उपाय म्हणून, विमानाच्या मालकांचे हक्क जपणाऱ्या केप टाउन या आंतरराष्ट्रीय कराराला बळ देणारा कायदा संसदेने एप्रिल २०२५ मध्ये केला. तो गरजेचाच होता. आता थकबाकी झाल्यास विमान लवकर परत जाईल, त्यामुळे भाडीही थोडी उतरावीत. पण याचा दुसरा अर्थ असा की अडचणीतली कंपनी आता पूर्वीपेक्षा खूप लवकर रिकामी होईल. लीज कंपनीकडे अनामत आहे, रिझर्व्ह आहे, विमानही आहे. आगाऊ तिकीट काढलेल्या प्रवाशाकडे यातले काहीच नाही; तो घेणेकऱ्यांच्या रांगेत जवळजवळ शेवटी उभा असतो.

लीज म्हणजे वाईटच, असे मात्र आम्ही म्हणत नाही. इंडिगोनेही लीजवरच साम्राज्य उभारले. पण तिने अनेक वर्षे सुमारे सहा वर्षांच्या लीज ठेवल्या, म्हणजे पहिली मोठी तपासणी येण्याच्या सुमारास विमान परत जाई आणि नवे येई. आयर्लंडच्या रायनएअरने उलटा रस्ता धरला: ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर सगळे घाबरले असताना, जानेवारी २००२ मध्ये, १०० बोइंग ७३७-८०० मागवली आणि बहुतेक विमाने स्वतःच्या मालकीची ठेवली. बाजार पडला की मालकीचे विमान उभे करता येते, भाड्याचे नाही. याउलट युरोपातल्या प्रायमेरा एअरची नवी विमाने उशिरा आली, महागड्या वेट लीजवर उन्हाळा काढावा लागला आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये कंपनी बुडाली.

नाशिकसाठी यातून काही ठोस मागण्या निघतात. केंद्राच्या उडान या प्रादेशिक विमानसेवा योजनेत मार्गाला तीन वर्षे तूटभरपाई मिळते. त्या मार्गासाठी दाखवलेल्या विमानाची लीज तीन वर्षे शिल्लक आहे का, सुटे इंजिन हाताशी आहे का, आणि एकच विमान तीन शहरांच्या अर्जांत दाखवलेले नाही ना, हे लेखी घ्यावे. डीजीसीएने दर तिमाहीला प्रत्येक कंपनीची उडणारी आणि उभी विमाने किती हे जाहीर करावे. प्रवास होईपर्यंत तिकिटाचे पैसे, निदान काही हिस्सा, वेगळ्या खात्यात राहावेत.

ओझरबाबत एक चांगली बातमी आहे. डिसेंबर २०२३ मध्ये हिंदुस्तान एरोनॉटिक्स (एचएएल) आणि एअरबस यांनी ए३२० कुटुंबातल्या विमानांच्या देखभाल केंद्रासाठी नाशिकची निवड करून करार केला. मिग आणि सुखोई बांधलेले हात इथे आहेत. मोठी तपासणी आणि परतीची कामे इथे झाली तर परदेशी रिकामे उड्डाण वाचेल आणि विमान उभे राहण्याचे दिवस घटतील. मात्र त्यासाठी केवळ हँगर पुरणार नाही. परतीच्या कागदांची छाननी करणारे, परदेशी नियामकांची मान्यता असलेले तंत्रज्ञ लागतील. इथल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांनी आणि आयटीआयने हा अभ्यासक्रम आताच हाती घ्यावा.

आणि सिंहस्थासाठी आगाऊ तिकिटे काढणाऱ्यांना एक सूचना. तिकीट क्रेडिट कार्डाने काढा आणि पावती जपा. कंपनी उडेनाशी झाली तर बँकेकडे ताबडतोब चार्जबॅकचा अर्ज करा, त्याला मुदत असते. कंपनी दिवाळखोरीत गेली असेल तर त्या प्रक्रियेत नेमलेल्या व्यवस्थापकाने दाव्यांसाठी काढलेली जाहीर सूचना वर्तमानपत्रात आणि संकेतस्थळावर येते. त्या मुदतीत तिकिटाचा दावा नोंदवा.

आपले,
विमान देखभाल व विमान वित्त क्षेत्रांत काम केलेले काही नाशिककर