आधी पुदिना लाव

ठाणे,
कोजागरीचा दुसरा दिवस

प्रिय बंडू,

परवा फोनवर तू विचारलंस, "नव्या बाल्कनीत कोथिंबीर कशी लावू रे?" तेव्हा इकडे कुकरच्या शिट्ट्या चालल्या होत्या, म्हणून "कळवतो" म्हणून ठेवला. तर कळवतो. कोथिंबिरीने सुरुवात करू नकोस.

मी केली. मार्च महिना, नवा उत्साह. डब्यातले मूठभर धणे कुंडीत पेरले आणि रोज सकाळी चहाचा कप घेऊन समोर उभा. वीस दिवस झाले, मातीतून काही डोकं वर काढेना. शेवटी जांभळी नाक्यावर जिच्याकडून आम्ही वर्षानुवर्षं भाजी घेतो त्या मावशींना विचारलं. म्हणाल्या, "धणे चोळून फोडले होते का? अख्खा धणा म्हणजे दोन बिया जोडलेल्या. फोडायचे, रात्रभर भिजवायचे, मग पेरायचे." घरी येऊन हिला सांगितलं, तर ही हसत सुटली. मी पेरले ते मसाल्यासाठी भाजून ठेवलेले धणे होते.

दुसऱ्या खेपेला अकराव्या दिवशी हिरवे आकडे वर आले. पण तोवर एप्रिल तापला होता. वीतभर व्हायच्या आत पानं शेपूसारखी बारीक झाली आणि वर पांढरी फुलं. उकाडा वाढला की कोथिंबीर पानांचा नाद सोडते आणि बी धरायला लागते. एका संध्याकाळच्या पोह्यांवर भुरभुरण्यापुरती निघाली. त्यातली काही रोपं दाटी झाली म्हणून उपटून दुसऱ्या कुंडीत लावली होती, तीही माना टाकून बसली. तिचं सोटमूळ खाली सरळ जातं, हलवलेलं तिला सोसत नाही. जिथे पेरायची तिथेच वाढवायची.

आता पुदिना. बाजारातून एक जुडी आण. पानं चटणीला वापर, पण चार-पाच जाड काड्या बाजूला ठेव. त्यांची खालची पानं काढ आणि पाण्याच्या पेल्यात खिडकीत उभ्या कर. पाणी एक दिवसाआड बदल. माझ्याकडे आठव्या दिवशी पेऱ्यांतून शिवायच्या दोऱ्यासारखी पांढरी मुळं सुटली. मग पसरट कुंडीत लाव, दुपारचं कडक ऊन लागणार नाही अशा जागी. कुंडीत तो एकटाच हवा. आडव्या काड्या सोडत असा पसरतो की शेजारच्याला जागाच ठेवत नाही. खुडताना नुसती पानं ओरबाडू नकोस, पेऱ्याच्या वर शेंडा खुड. तिथून दोन नवे फुटवे येतात.

गवती चहाचंही तसंच. बुडखा शाबूत असलेल्या काड्या निवडून पाण्यात ठेवल्या की मुळं धरतात. त्याला मात्र मोठी कुंडी आणि भरपूर ऊन लागतं. आमच्या ग्रिलमध्ये पश्चिमेचं ऊन येतं, ते त्याला मानवलंय. पात कात्रीने काप. मी हाताने ओढायला गेलो आणि बोटाला अशी बारीक चीर गेली, की दोन दिवस लिंबू पिळताना आई आठवली.

पाण्याबद्दल सांगताना मला लाज वाटते. आमच्या तुळशीला मी मारलं. प्रेमाने मारलं, रोज दोन तांबे घालून. पानं पिवळी पडायला लागली तर मला वाटलं तहानलेली आहे, आणखी घातलं. शेवटी उपटली तर मुळं काळी, कुजका वास. आता बोट दोन पेरं मातीत खुपसतो. ओल लागली तर परत फिरायचं. पावसाळ्यात तर मी आठवडा आठवडा हात लावत नव्हतो, नुसती झड पुरायची. कुंडीखाली ताटली ठेवच. आमच्या मातकट पाण्याने खालच्या मजल्यावरच्या काकूंची वाळत घातलेली पांढरी साडी रंगली होती, आणि त्यांचा आवाज तुला माहीत नाही.

नर्सरीतली नुसती लाल माती भरू नकोस. वाळली की वीट होते. मी निम्मी माती, बाकी कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि गांडूळखत असं कालवतो. तळाच्या भोकावर फुटक्या कुंडीची खापरी.

आणि ते रोझमेरी-थाइमचं सुबक डब्यातलं किट मागवू नकोस. मी सहाशे रुपये घालवले. ती कोरड्या हवेतली झाडं. इथे जुलैत डब्यातला पापड मऊ पडतो, तिथे त्यांचं काय होणार?

दिवाळीत ये. मुळं सुटलेला पुदिना ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून देतो. येताना गावाकडून, तुमच्या मोरीजवळच्या पानओव्याची एक फांदी आण. कुंडीत खोचली की लागते. तिकडच्या काकूंनी केलेली त्याची भजी अजून जिभेवर आहेत.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
दिन्या

ता. क. कोथिंबिरीचा हट्टच असेल तर दिवाळीनंतर, गारवा पडला की पेर. पण आधी वहिनींना विचार, धणे भाजलेले नाहीत ना.