तिरंदाजीची सुरुवात बांबूच्या धनुष्यापासून व्हावी

मा. संपादक,

दसरा नुकताच झाला. आमच्या किनवट भागात या दिवशी आजही काही घरांतला जुना कामठा, म्हणजे बांबूचे धनुष्य, खुंटीवरून खाली उतरतो, त्याला हळदकुंकू लागते, पुढ्यात आपट्याची पाने ठेवली जातात आणि दुसऱ्या दिवशी तो परत खुंटीला अडकतो. तुळजापूरच्या भवानीच्या अष्टभुजांत धनुष्यबाण आहेत आणि वेरूळच्या लेण्यांत रथावर उभा राहून धनुष्य ताणणारा त्रिपुरांतक शिव आहे. मराठवाड्यात धनुष्याला मान कमी नाही. पण ते ताणायला शिकवणारे हात दरवर्षी कमी होत आहेत, याची काळजी वाटून हे पत्र लिहीत आहे.

मी एकतीस वर्षे शारीरिक शिक्षणाचा शिक्षक होतो आणि त्यांतली बहुतेक वर्षे किनवट तालुक्यात गेली. माझी मागणी सरळ आहे. नांदेड जिल्ह्यातील किनवट व माहूर, हिंगोलीतील कळमनुरी व औंढा नागनाथ आणि छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील कन्नड व सोयगाव या तालुक्यांत, जिथे गोंड, कोलाम, आंध, भिल्ल या समाजांची वस्ती आहे, तिथे दहा ते सोळा वर्षांच्या मुलामुलींसाठी पारंपरिक तिरंदाजीचे नियमित वर्ग जिल्हा नियोजनाच्या निधीतून सुरू करावेत. या वर्गांत पहिली दोन वर्षे केवळ बांबूचे धनुष्य असावे आणि ते घडवणाऱ्या गावातल्याच जाणत्या माणसाला शासनाने मानधन देऊन शिक्षक म्हणून नेमावे.

बांबूचाच आग्रह का, हे अनुभवावरून सांगतो. काही वर्षांपूर्वी एका शाळेला योजनेतून आधुनिक धनुष्यांचे चार संच मिळाले. शाळेचे नाव लिहिण्यात अर्थ नाही, कारण चूक त्या शाळेची नव्हती. संच आले, फोटो निघाले, पण दोरी कशी चढवायची हे दाखवायलाही कोणी आले नाही. एका उत्साही शिक्षकाने बाण न लावताच दोरी ओढून सोडून पाहिली. बाणात जायची सारी शक्ती त्यामुळे उलटून धनुष्याच्या पात्यांत गेली आणि एक पाते उभे चिरले. उरलेले तीन संच कपाटात गेले. मी निवृत्त होताना ते तिथेच होते, किल्ली मुख्याध्यापकांकडे आणि भिंगरी लागल्यासारखी मैदानावर हिंडणारी पोरे कपाटाबाहेर. स्पर्धेच्या दर्जाच्या रिकर्व्ह, म्हणजे टोके पुढे वळलेल्या आधुनिक धनुष्याचा पूर्ण संच आज लाखाच्या पुढे जातो; तो मोडला की तालुक्यात दुरुस्त करणारा मिळत नाही. बांबूचे धनुष्य मोडले तर घडवणारा त्याच गावात असतो, आणि मोडलेले का मोडले हेही तो मुलांना समजावून सांगतो.

अशा एका वृद्ध कारागिरापाशी मी निवृत्तीनंतरचा एक हिवाळा बसलो. कोलामांच्या पोडावरचे, म्हणजे वस्तीवरचे, त्याचे घर माझ्या गावापासून पायी तासाभरावर. आतून भरीव असलेली बांबूची कामटी तो निखाऱ्यावर सतत फिरवत धरतो. तिच्यातून ओल फसफसून बाहेर आली की गुडघ्यावर टेकवून हळूहळू वाक देतो, पुन्हा शेकतो, पुन्हा वाकवतो. टोके कोयत्याने तासतो आणि पोटाचा भाग खापरीच्या तुकड्याने घासतो. मग धनुष्य उलटे धरून दोन्ही बाजू सारख्या वाकतात का, हे एक डोळा मिटून पाहतो. मी घाईने मध्येच काही विचारले तेव्हा तो म्हणाला, "गुरुजी, काडीला आधी तिचा वाक इचारायचा, मंग आपला सांगायचा." बाणाची काडी तर तो दोन बोटांत धरून नुसती लववून पाहतो आणि ही या धनुष्याची, ती त्या धनुष्याची, असे दोन ढीग करतो. सुटलेला बाण सरळ जात नाही; दोरीच्या धक्क्याने तो लवतो, धनुष्याच्या दांड्याला वळसा घालतो आणि मग सरळ होतो. म्हणून धनुष्याची ताकद आणि काडीचा ताठरपणा जुळावा लागतो. हे शास्त्र मी प्रशिक्षण वर्गात आकृत्यांवरून शिकलो होतो. त्या माणसाच्या बोटांना ते शाळेशिवाय ठाऊक आहे. त्याची दोन्ही मुले हैदराबादला बांधकामावर आहेत आणि ही विद्या घ्यायला त्याच्यापाशी कोणी बसत नाही.

पारंपरिक धनुष्यापासून पुढे वाट नाही, असे कोणी म्हणेल तर ते खरे नाही. राष्ट्रीय आणि शालेय स्पर्धांत 'इंडियन राउंड' हा देशी धनुष्याचा स्वतंत्र प्रकार आहे. राजस्थानातील उदयपूर भागातला आदिवासी मुलगा लिंबाराम बांबूच्या धनुष्याने रानात नेम धरत वाढला, 1987च्या सुमारास शासनाच्या निवड चाचणीत पुढे आला आणि 1988 साली सेऊलच्या ऑलिंपिकमध्ये उतरला. आपल्या राज्यात फलटण तालुक्यातील सरडे गावच्या मजूर आईबापांचा मुलगा प्रवीण जाधव जिल्हा परिषदेच्या शाळेतून शासनाच्या निवासी क्रीडा प्रबोधिनीत आणि तिथून टोकियोच्या ऑलिंपिकपर्यंत गेला. 2023 साली बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत कंपाउंड, म्हणजे टोकांना चाके असलेल्या धनुष्याच्या प्रकारात साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे हे दोघेही वैयक्तिक विश्वविजेते झाले, तेव्हा अदिती सतरा वर्षांची होती. साताऱ्याला आणि नागपूरला जे जमले ते किनवटला का जमू नये? ज्या मुलाचा खांदा, श्वास आणि बोटे बांबूवर तयार झाली आहेत, त्याच्या हाती चौदाव्या वर्षी आधुनिक धनुष्य दिले तर तो ते कपाटात ठेवणार नाही.

आमच्या मुलुखाला हा खेळ परवडणाराही आहे. त्याला हिरवळ लागत नाही, पाणी लागत नाही. गायरानातली सपाट पट्टी आणि लक्ष्यामागे मातीचा उंच बांध पुरतो. जुन्या चिंध्या ठासून भरलेली पोती घट्ट आवळून बांधली की सरावाचे लक्ष्य तयार होते. सुरक्षेत मात्र तडजोड नको. सर्व मुले एका रेषेवर उभी राहतील, शिट्टीशिवाय बाण दोरीला लागणार नाही आणि तीन शिट्ट्या झाल्याखेरीज कोणी बाण वेचायला पुढे जाणार नाही. जागतिक स्पर्धांतही शिट्ट्यांचाच नियम आहे: दोन झाल्या की रेषेवर यायचे, एक झाली की नेम धरायचा, तीन झाल्या की बाण आणायला जायचे. मुले हे एका दिवसात शिकतात. मी आठवड्यातून दोन दिवस ज्या सात-आठ मुलांना शिकवतो, त्यांतल्या एका मुलीने पहिल्याच दिवशी विचारले, "सर, एकलव्याचा तर अंगठा गेला, मग त्यानं पुढं बाण कसा मारला?" मी तिला आजची पद्धत दाखवली. दोरी तर्जनी, मध्यमा आणि अनामिका या तीन बोटांनी ओढतात, अंगठा दोरीला लागतही नाही. तिने आपला अंगठा तळहातात दुमडला, दोरी गालापर्यंत आणली आणि बराच वेळ तशीच धरून उभी राहिली.

एका अडचणीविषयी स्पष्ट लिहायला हवे. 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार हा गुन्हा आहे आणि तो असायलाच हवा. पण त्या धाकाने कित्येक घरांत धनुष्य लपवून ठेवले जाते. मुलाच्या हाती कामठा दिसला तर वनरक्षक हटकेल, ही भीती मी आईबापांच्या तोंडून ऐकली आहे. म्हणून वर्ग सुरू करताना वनविभागाला सोबत घेऊन मुलांना ओळखपत्रे द्यावीत, सरावाचे बाण मैदानाबाहेर जाणार नाहीत असा नियम करावा आणि बाणाचा पिसारा कोंबडीच्या पिसांचाच असावा. बांबूची सोयही कायद्यात आहे. 2006च्या वनहक्क कायद्याने बांबू गौण वनोपजात येतो, तेव्हा ज्या ग्रामसभांना सामूहिक वनहक्क मिळाले आहेत त्या स्वतःच्या रानातून तो देऊ शकतात. वनक्षेत्राबाहेरच्या, म्हणजे शेतबांधावरच्या बांबूलाही भारतीय वन कायद्यातील 2017च्या दुरुस्तीनंतर वृक्षतोडीचे बंधन राहिलेले नाही.

वेळापत्रक मुंबईत बसून ठरवू नये, एवढी विनंती. दिवाळीनंतर मराठवाड्यातली असंख्य कुटुंबे ऊसतोडीला आणि इतर मजुरीला बाहेर पडतात आणि मुले त्यांच्यामागे जातात. जी मुले आश्रमशाळेत किंवा हंगामी वसतिगृहात मागे राहतात, त्यांच्यासाठी वर्ग तिथेच, संध्याकाळी भरावेत. बाकीच्यांचा सराव जून ते दिवाळी या काळात धरावा. उन्हाळ्यात सकाळी नऊनंतर सराव नकोच. किनवटला एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय आहे, जिल्ह्याला क्रीडा अधिकारी आहेत. या दोघांनी एकत्र बसून पहिल्या वर्षी पाचच गावे निवडली तरी माझी तक्रार नाही. मी विनामानधन लागेल तितका वेळ द्यायला तयार आहे.

धनुष्याचा बांबू पावसाळा सरून रस उतरल्यावर, थंडीतच तोडतात. उन्हाळ्यात तोडलेल्याला भुंगा लागतो आणि तो आतून पोखरला जातो. तोडलेला बांबू सावलीत वाळायला पुढे काही आठवडे जातात. पौष संपायच्या आत मंजुरी मिळाली तर येत्या जूनमध्ये, शाळा उघडतील तेव्हा, मुलांच्या हाती नवी धनुष्ये असतील. ती फाईल मार्चअखेरपर्यंत रेंगाळली तर आणखी एक वर्ष जाईल, आणि पोडावरच्या त्या कारागिराचे वय आज पंच्याहत्तरच्या पुढे आहे.

आपला,
एक निवृत्त शारीरिक शिक्षण शिक्षक,
ता. किनवट, जि. नांदेड