रोमबद्दल पश्याला, सविस्तर

पश्या,

"रोम कसंय, एका शब्दात सांग" असा मेसेज टाकून तू मोकळा झालास, पण एका शब्दात बसत नाय बे ते, म्हणून हे एवढं लांबलचक. साईटवर आरएमसीच्या (तयार काँक्रीटच्या) गाडीची वाट बघत बसतोस ना तासतास, तेव्हा वाच.

आधी जे नाही आवडलं ते सांगतो म्हणजे तुझी जळजळ जरा कमी होईल. कलोसियम, रोमन लोकांचं झुंजींचं मैदान. मेट्रो स्टेशनातून वर आलास की थेट अंगावर येतं, एखादा मिनिट तोंड उघडंच राहतं हे कबूल, पण मग सुरू होतं सगळं, तिकिटावर नाव, पासपोर्ट दाखवा, टाइम स्लॉट, बॅग चेकिंग, आणि एवढं करून आत गेलं की सगळी दुनिया एकाच कठड्याला टेकून सेल्फी काढतेय. बांधकाम मात्र बघण्यासारखं आहे, इ.स. 72 च्या आसपास काम सुरू आणि 80 मध्ये उद्घाटन, पन्नासेक हजार माणूस बसेल एवढं. तुझ्या प्रोजेक्ट मॅनेजरला सांग. मी मधल्या मैदानापेक्षा बाहेरच्या भिंतीच जास्त बघत बसलो, कारण सगळ्या दगडांना भोकं आहेत. पूर्वी दगड एकमेकांत धरायला लोखंडी क्लॅम्प होते, ते नंतरच्या लोकांनी खणून खणून काढून नेले, आणि 1349 च्या भूकंपात जो भाग कोसळला त्याचा दगड शहरात वाडे अन् चर्च बांधायला गेला. मला हे भारी वाटलं. आता मात्र तिथं नुसतं बघायचं, बाकी काही नाही.

व्हॅटिकनचं थोडक्यात. म्युझियममधून सिस्टिन चॅपलपर्यंत आपण चालत नाही, मागचे लोक आपल्याला नेतात. मायकेलअँजेलोनं 1508 ते 1512 चार वर्षं त्या छतावर घालवली आणि आपल्याला मान वर करून दहा मिनिटं धड मिळत नाहीत, वर गार्ड सारखे "सिलेन्सियो, नो फोटो" ओरडतायत. आषाढीला पंढरपुरात दर्शनबारीत तासन्‌तास उभं राहतो, पण तिथं लोक निदान विठ्ठल विठ्ठल तरी करतात, इथं कुणाला कशाशी देणंघेणं नाही. चित्रं जबरदस्त आहेत, त्यात वाद नाही.

आता खरी गोष्ट, पँथिऑन, जुनं रोमन देऊळ. यासाठी तू ये बाबा कधीतरी, लोन काढून ये. आधी फुकट होतं, 2023 मध्ये पाच युरो तिकीट सुरू झालं, ते देताना जरा जीवावर आलं पण आत गेलो आणि गप्प झालो. 43 मीटरचा घुमट, जमिनीपासून वरच्या भोकापर्यंतची उंची पण तेवढीच, आणि आत सळई नाही रे! एक सळई नाही!! सगळं काँक्रीट, सम्राट हेड्रियनच्या काळातलं, म्हणजे जवळजवळ 1900 वर्षं झाली आणि बिनसळईच्या काँक्रीटचा एवढा मोठा घुमट अजून जगात दुसरा नाही. शाळेच्या सहलीला गोल घुमट बघितला तेव्हा आपल्याला वाटलेलं याच्यापुढं काय असणार, तो आतून साधारण 38 मीटर, आणि हा त्याच्या दीडेक हजार वर्षं आधीचा. (पण आवाज घुमण्यात आपलाच नंबर एक, इथं टाळी वाजवून काही होत नाही.)

केलंय कसं ते ऐक, तुला झोप येणार नाही. खाली भिंत सहा मीटर जाड, वर जाईल तसं पातळ करत भोकाजवळ सव्वा मीटरच्या आत आणलंय, आणि खडी पण बदलत नेलीय, खाली ट्रॅव्हर्टिन नावाचा जड दगड आणि सगळ्यात वर प्युमिस, तो पाण्यावर तरंगणारा ज्वालामुखीचा दगड. शिवाय आतल्या बाजूला चौकोनी खोबण्या पाडून आणखी वजन कमी केलंय. तुझ्या पीपीसी सिमेंटच्या गोणीत फ्लाय अॅश जे काम करते ते इथं ज्वालामुखीच्या राखेनं केलंय. 2023 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या लोकांनी मांडलं की रोमन लोक कळीचा चुना गरमच मिसळायचे, त्याच्या पांढऱ्या गुठळ्या काँक्रीटमध्ये राहायच्या आणि तडा गेला, पाणी शिरलं की तो चुना विरघळून तडा स्वतःच बुजवायचा. आपल्या प्रोफेसरांनी गुठळी दिसली की मार्क कापले असते. मी गेलो त्या दिवशी पाऊस होता, वरच्या उघड्या भोकातून सरळ आत पडत होता, फरशीला उतार आणि बारीक भोकं ठेवलीत, पाणी निघून जातं, कुणी बादली घेऊन धावत नाही. आणि 609 पासून ते चर्च म्हणून वापरात आहे म्हणूनच टिकलं, नाहीतर त्याचं पण कलोसियम झालं असतं. दर्शनी भागावर अग्रिप्पा या रोमन सेनापतीचं नाव आहे, त्यानं आधीची इमारत बांधलेली, हेड्रियननं सगळी नवीन उभी केली तरी नाव जुनंच ठेवलं. आपल्याकडचा नगरसेवक असता तर?

याच अग्रिप्पानं इ.स.पू. 19 मध्ये शहरात पाण्याचा एक पाट आणला, मधे डागडुजी झाली पण त्याच मार्गाचं पाणी आज ट्रेवी फाउंटनला येतं. ट्रेवी मला फार नाही भावला, गर्दीत पाणीच दिसत नाही, लोक पाठ करून नाणी टाकतात (ती गोळा करून गरिबांच्या संस्थेला देतात, हे बरं आहे). पण रस्त्यारस्त्यावर लोखंडी नळ आहेत, दोन-अडीच हजार तरी असतील, रात्रंदिवस चालू, गार पाणी, खालचं तोंड बोटानं दाबलं की वरच्या भोकातून धार उडते, थेट प्यायची. चार-पाच दिवसांनी नळ येणाऱ्या सोलापूरचा माणूस मी, पहिल्यांदा हात बंद करायला तोटी शोधत होता. तोटीच नाही. पाणी वाहतं राहावं, साचू नये म्हणून तसं ठेवलंय म्हणे, पटतं पण पोटात कालवतंच.

एक गोष्ट मात्र मनाला लागली. पाऊस आला की मिनिटात छत्र्या घेऊन, नाहीतर गुलाब घेऊन जी पोरं फिरतात ना त्यातली बरीच बांगलादेशी. एकानं मला बघून हिंदीतच विचारलं, कुठून. आडोशाला उभं राहून बोललो थोडा वेळ, लिबियातून बोटीनं आलेला, आपल्याच वयाचा, इतकी वर्षं त्या गल्लीत गुलाब विकतोय आणि कलोसियमच्या आत कधी गेलेला नाही. माझ्याकडून पैसे घेईना. माझ्या खिशात स्टुडंट व्हिसा, त्याच्याकडे कागदच नाहीत, बाकी फरक काय होता मला नाही सांगता येत. जाऊ दे.

खाण्याचं म्हणशील तर चैन आहे, पिझ्झा कात्रीनं कापून वजनावर देतात, आणि भाताचा गोळा तळून आत चीज, सुप्ली म्हणतात, स्वस्त आणि पोटभर. कॉफी उभ्यानं प्यायची, बसलास की बिल वाढतं. कचरा मात्र आपल्यापेक्षा काही कमी नाही, डबे वाहतायत आणि वर सीगल बसलेत कोंबडीएवढे. जर्मनीत राहून माझी सवय बिघडलीय, पण खरं सांगू, बस वीस मिनिटं उशिरा आली तेव्हा जरा घरी आल्यासारखंच वाटलं.

पँथिऑनचे फोटो ड्राइव्हवर टाकलेत, खोबण्यांचे क्लोजअप तुझ्यासाठीच काढलेत, बघून सांग तिथं शटरिंग कसं लावलं असेल, मला अजून उलगडलेलं नाही. आणि डिसेंबरात शिऱ्याचा भाऊ इकडं येतोय, त्याच्याकडं शेंगाचटणी दे अर्धा किलो, गेल्या वेळसारखं पाव किलोवर भागवू नको बे.

तुझा,
सच्या