डाळिंबी फ्रिज आणि प्रतापनगरचे काका

आदरणीय काका,

सादर नमस्कार.

आमचा फ्रिज रंगवण्याचे काम झाल्यावर आपण ‘चहा झाला, पैसे मिळाले, आता आभार कसले?’ असे म्हणत चपला पायांत सरकवल्यात, त्यामुळे तोंडाशी आलेले तसेच राहून गेले. ते आज चारचौघांसमक्ष लिहीत आहे.

2024 च्या ऑगस्टमध्ये बडोद्यात विश्वामित्री नदी पात्राबाहेर आली तेव्हा अकोट्यातल्या आमच्या तळमजल्यात गुडघाभर पाणी होते. माणसे वर गेली, धान्याचे डबे वर गेले. फ्रिज मात्र आम्हा दोघांना उचलेना, म्हणून तो जागीच राहिला. (वस्तीत मगर दिसल्याच्या बातम्या येत होत्या, त्यामुळे रात्री खाली उतरण्याची कुणाची छातीही झाली नाही.) पाणी ओसरल्यावर मेकॅनिकने मोटर सुकवून, तपासून तो चालू करून दिला, पण तळाकडच्या हातभर पत्र्याला गंजाने धरलेच.

त्यानंतर जे घडले ते आठवले की अजूनही संताप येतो. सेवा केंद्रातून आलेल्या गृहस्थांनी साधे वाकूनही न पाहता नव्या फ्रिजचे दर सांगायला सुरुवात केली. पुढे आलेल्या रंगाऱ्याने गंज न काढता त्याच्यावरच पांढरा ऑइल पेंट फासला. होळीपर्यंत त्याला फोड आले आणि फोडाला नख लावले की खालून तपकिरी भुगा गळू लागला. फोन केला तर उत्तर मिळाले, ‘पत्राच खराब आहे, मॅडम.’ पत्रा खराब होता म्हणूनच तर त्यांना बोलावले होते!

शेजारच्या वहिनींनी आपले नाव सुचवले ते श्रावणात. प्रतापनगरच्या रेल्वे कारखान्यात आयुष्यभर डब्यांना रंग दिलेला माणूस आपला फ्रिज कशाला हातात घेईल, अशी शंका होती. आपण आलात, फ्रिजच्या कडेला तळहात टेकवून थोडा वेळ उभे राहिलात आणि म्हणालात, ‘इथं गरम लागतंय, म्हणजे गॅसची नळी पत्र्याच्या आतून गेलीय, इथं खरवडायचं ते हलक्या हातानं.’ आधीचा रंगारी त्याच जागी पेचकस चालवायला निघाला होता, हे आठवून माझ्या अंगावर काटा आला. मात्र त्या दिवशी आपण कामाला हात लावला नाहीत. हवेत एवढी ओल असताना रंग दिला तर ती रंगाखाली कोंडते, दिवाळीनंतर बघू, असे सांगून आपण गेलात. आम्ही विषय सोडून दिला होता. आपण मात्र तुळशीच्या लग्नानंतर पॉलिश पेपर आणि रेड ऑक्साइडचा डबा घेऊन स्वतःहून दारात उभे राहिलात.

घासणे, प्राइमर, पातळ हात आणि मधली वाळवण यांचे वर्णन मी करत बसत नाही. ते आपल्याला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. मला लिहायचे आहे ते एका लग्नपत्रिकेविषयी. हा फ्रिज सासूबाईंनी 2007 साली शाळेतून निवृत्त झाल्यावर स्वतःच्या पैशांतून घेतलेला आहे. तरीही पुरापासून आलेल्या प्रत्येक माणसाने जे काही विचारले ते माझ्या यजमानांना किंवा मला. पलंगावर बसलेल्या त्या म्हातारीकडे कुणी मान वळवून पाहिलेही नाही. आपण जुन्या पत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर तीन रंगांचे पट्टे ओढलेत, ते वाळू दिलेत आणि पत्रिका घेऊन त्यांच्यापाशी गेलात. त्यांना नीट दिसत नाही हे आपल्या लक्षात आले असावे, कारण आपण स्वतः उठून खिडकीचा पडदा सारलात, पत्रिका उजेडात धरलीत आणि त्यांनी चष्मा शोधून, पुसून, डोळ्यांवर चढवेपर्यंत तशीच धरून ठेवलीत. मी घाईने ‘पांढराच द्या’ म्हणाले, तेव्हा आपण हसून म्हणालात, ‘डब्यांना रंग देताना विचारायला कुणी नसायचं; इथं मालकीण समोर बसलीय.’ सासूबाईंनी डाळिंबी पट्ट्यावर बोट ठेवले. पूर आल्यापासून घरातल्या एखाद्या गोष्टीबद्दल त्यांनी इतक्या ठामपणे काही सांगितल्याचे मला आठवत नाही.

कसब पैसे मोजून मिळते, काका. समोरच्या माणसाला माणूस म्हणून गृहीत धरण्याची रीत मात्र कोणत्याही दरपत्रकात नसते, आणि सुशिक्षितांच्या घरांत, आमच्याही, ती अनेकदा सापडत नाही. त्या दिवशी मीही सासूबाईंना विचारले नव्हते.

जाताना आपण उरलेला रंग माझ्या नेलपॉलिशच्या रिकाम्या बाटलीत भरून दिला होतात. परवा कुकर घासून दाराचा टवका उडाला, तर सासूबाईंनी मला हाक न मारता ती बाटली काढली, तिच्याच इवल्या कुंचल्याने रंग लावला आणि वाळेपर्यंत कुणालाही फ्रिज उघडू दिला नाही.

आपली ऋणी,
अकोट्यातल्या तळमजल्यावरची सून