संचकारपत्राआधी भिंती मोजा

संपादक महोदय,

कोल्हापुरात शिवाजी पेठ, मंगळवार पेठ किंवा राजारामपुरीतले जुने घर विकायला निघाले की 'प्रशस्त हॉल, नवी फरशी, पीओपी' अशी जाहिरात येते. चाळीस वर्षांपूर्वीच्या घरात वीस फुटांचा सलग हॉल आला कुठून, हे घेणारा संचकारपत्र, म्हणजे विसाराचा करार, करताना विचारत नाही. बहुतेक वेळा मधली भिंत काढलेली असते आणि तिच्यावर वरचा स्लॅब टेकला होता का, याची कुठे नोंद नसते.

वकिलांच्या तीस वर्षांच्या सर्च रिपोर्टमध्ये मालकी आणि बोजा कळतो. मिळकत पत्रिकेवर जागेचे क्षेत्र आणि धारकाचे नाव असते. दस्त नोंदवताना दुय्यम निबंधक काही भिंती बघायला येत नाहीत. घरफाळ्याच्या पावतीबद्दल तर फारच गैरसमज आहे. वाढीव खोलीचा घरफाळा भरला म्हणून ती खोली अधिकृत होत नाही. विनापरवाना बांधकामालाही कर लागतोच. पुढे नोटीस आली तर ती निस्तरायची आजच्या मालकाने.

म्हणून विकणाऱ्यालाच अर्ज करायला लावून नगररचना विभागातून मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्राची नक्कल काढावी. पेठेतल्या फार जुन्या घरांचा नकाशा सापडतच नाही. तिथे घरफाळ्याचे जुने आकारणी उतारे बघून मजले आणि बांधकामाचा प्रकार कधी बदलला ते ताडावे. मग टेप घेऊन घराची बाहेरची लांबी मोजायची आणि त्यातून खोल्यांची आतली मापे वजा करायची. उरते ती भिंतींची जाडी. नकाशात तीन ठिकाणी नऊ इंची भिंत असेल आणि हिशेबात दोनच बसत असतील, तर तिसरी गेली.

फरशीही बोलते. भिंत काढली की खाली नऊ-दहा इंचांचा पट्टा उघडा पडतो. तो निराळ्या रंगाच्या फरशीने किंवा सिमेंटने भरलेला असतो. सगळी फरशी नवी असेल तर माडीवर जाऊन त्याच रेषेत बघा. वर भिंत उभी आहे आणि खाली काहीच नाही, असे असेल तर प्रश्न गंभीर आहे. दहा फूट लांब, दहा फूट उंच नऊ इंची विटांची भिंत सुमारे चार टनांची भरते. ती नुसत्या स्लॅबवर उभी राहत नाही, तिला खाली बीम किंवा गर्डर लागतो. पीओपीच्या वर तो आहे का हे बघायला एखादा दिव्याचा कटआऊट काढून टॉर्च मारली तरी पुरते. विकणारा त्यालाही नाही म्हणत असेल, तर त्याचे कारण ओळखावे.

गाळा, म्हणजे स्लॅबच्या दोन आधारांमधले अंतर, दुप्पट झाला की स्लॅबला वाकवणारा जोर चौपट होतो. शिवाय जिथे स्लॅब भिंतीवरून सलग जात होता तिथे मुख्य सळी वरच्या अंगाला असते. भिंत गेली की तिथेच ताण खालच्या अंगाला येतो, जिथे सळी कमी असते. उघड्या स्लॅबला दोन टोकांना 50 मिलिमीटरचे ठोकळे लावून दोरी ताणा आणि मध्ये अंतर मोजा. दहा फुटांच्या गाळ्याला 12 मिलिमीटरच्या आसपास झोल ही मर्यादा. म्हणजे मध्ये 38 पेक्षा कमी आले की स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवावे. गिलावा उंचसखल असतो, त्यामुळे एका मापावर निकाल देऊ नये.

गॅलरी भिंतीबाहेर अधांतरी असते. ती बंदिस्त करून वजन वाढवले की चीर वरून, उंबऱ्यालगत पडते. खालून काहीच दिसत नाही, म्हणून उंबऱ्याच्या रेषेतले फरशीचे सांधे बघावेत.

2019 आणि 2021 च्या पुरानंतर शाहूपुरी, दुधाळी, उत्तरेश्वर पेठ भागात आतली जमीन भराव घालून उचललेली घरे आहेत. दहा बाय दहाच्या खोलीत दोन फूट मुरूम म्हणजे सुमारे दहा टन. तो मातीत बांधलेल्या भिंतीला आतून बाहेर रेटतो आणि जोत्यावरचा ओलावा भिंतीत चढतो. बाहेरून ओळंबा सोडला की फुगवटा कळतो. छताची उंची साडेआठ फुटांखाली आली असेल तर भरावाबद्दल स्पष्ट विचारावे.

संचकारपत्रात काय काढले, काय वाढवले हे विकणाऱ्याच्या सहीने लिहून घ्यावे, आणि दुरुस्तीचा अंदाजी खर्च खरेदीपत्रापर्यंत रोखून धरावा. गर्डर बसवायचा तर आधी टेकू लागतात, आणि ते थेट जमिनीपर्यंत न्यावे लागतात. गर्डरची टोके विटांवर नव्हे तर काँक्रीटच्या पॅडवर बसवायची. 'दोन दिवसांत करून देतो' म्हणणाऱ्या गवंड्याला हे काम देऊ नये.

शंकास्पद चिरेवर काचेची पातळ पट्टी आडवी ठेवून तिची दोन्ही टोके सिमेंटने चिकटवावीत आणि तारीख घालावी. पट्टी फुटली की चीर चालू आहे. संचकाराची मुदत ठरवताना त्यात पावसाळ्याचे दोन महिने येतील असे बघावे. काळ्या मातीवरची घरे ओलाव्याने तेव्हा हलतात.

— एक स्थापत्य अभियंता, कोल्हापूर