त्या मिस्साच्या दिवसाबद्दल

नागपूर,
डिसेंबरचा पहिला रविवार

तीर्थरूप आई व बाबा यांस,
प्रभू येशूच्या नावात सप्रेम सलाम.

बाबांचे पत्र गुरुवारी मिळाले. पाकिटातून आधी मासिकातले कात्रण निघाले. त्यातले एक वाक्य लाल बॉलपेनने दोनदा अधोरेखित केलेले होते आणि समासात बाबांच्या वळणदार अक्षरात 'हेच होणार होते' असा शेरा होता. सर्वांत शेवटी पाठकोऱ्या कागदावर आईच्या तीन ओळी निघाल्या, की नाताळच्या उपासनेला धाकट्याला घेऊन ये, तो तुझे ऐकतो. फोनवर आपण या दोन गोष्टी नेहमी निरनिराळ्या बोलतो, किंबहुना पहिली बोलतो आणि दुसरी टाळतो. त्या एकाच पाकिटात आल्या, म्हणून उत्तरही एकत्रच लिहीत आहे.

कात्रणातली माहिती खरी आहे, पण अर्धी आहे. अमेरिकेतील युनायटेड मेथडिस्ट या प्रोटेस्टंट चर्चने समलैंगिक आचरण ख्रिस्ती शिकवणुकीशी विसंगत असल्याचे वाक्य १९७२ साली आपल्या नियमांत घातले आणि २०२४ च्या मे महिन्यात ते काढून टाकले, एवढेच त्यात छापले आहे. त्याआधीच, २०१९ ते २०२३ या काळात, तिथल्या साडेसात हजारांहून अधिक मंडळ्या (स्थानिक चर्चेस), म्हणजे एकूण मंडळ्यांपैकी जवळजवळ एक चतुर्थांश, बाहेर पडल्या होत्या, हे त्यात नाही. ज्या वाक्याने चर्च एकसंध राहील अशी अपेक्षा होती, ते वाक्य जागेवर असतानाच चर्च फुटले. 'शास्त्र सोडले म्हणून फूट पडली' हा बाबांचा निष्कर्ष मला म्हणूनच घाईचा वाटतो. शिवाय शास्त्र धरणारे एका बाजूला आणि सोडणारे दुसऱ्या बाजूला अशी सरळ रेघ कुठेच दिसत नाही. आईच्या माहेरच्या कॅथलिकांचेच घ्या. १८ डिसेंबर २०२३ रोजी रोमहून निघालेल्या पत्रकात विवाहाच्या शिकवणुकीला तसूभर धक्का न लावता, समलिंगी जोडप्याने मागितल्यास फादरांनी विधीवाचून, लग्नाचा भास होणार नाही अशा रीतीने छोटासा आशीर्वाद द्यायला हरकत नाही, असे म्हटले. आणि महिना उलटायच्या आत आफ्रिकेतील बिशपांनी आमच्या खंडात हे होणार नाही, असे कळवले. पोपही एकच, मिस्सा म्हणजे उपासनेचा विधीही एकच, आणि तरीही हा प्रकार.

बाबा, २९ नोव्हेंबर १९७० चा दिवस तुम्ही आम्हाला इतक्या वेळा सांगितला आहे, की मी तिथे नव्हते याचे कधीकधी मलाच आश्चर्य वाटते. हिस्लॉप कॉलेजातली मुले मिळून तुम्ही ऑल सेंट्स कॅथेड्रलच्या आवारात गेला होता आणि सहा निरनिराळ्या चर्चेसची एक चर्च ऑफ नॉर्थ इंडिया होताना पाहिली होती. त्यासाठीच्या वाटाघाटी १९२९ पासून चालू होत्या आणि ज्यांच्यासोबत इतकी वर्षे बोलणी झाली, ते अमेरिकन परंपरेतले मेथडिस्ट ऐन वेळी बाजूला झाले, हेही तुमच्याच तोंडून ऐकले. पण त्या गोष्टीत तुमचा आवाज दरवेळी चढायचा तो बाप्तिस्म्यापाशी. अँग्लिकन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या परंपरेतले लोक तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा करणार, आणि बाप्टिस्ट व ब्रदरेन म्हणणार, की ज्याला विश्वास कळत नाही त्याला बाप्तिस्मा कसला. हा काही पडद्यांच्या रंगाचा वाद नव्हता, यासाठी युरोपात माणसे बुडवून मारली गेली आहेत. तरी नागपुरात तोडगा निघाला, की दोन्ही पद्धती मान्य, आणि कुणालाही आपल्या विवेकाविरुद्ध वागायला लावायचे नाही. 'एकमत झाले नाही, तरी एक झालो,' असे तुम्ही संडे स्कूलमध्ये फळ्यावर लिहीत असा.

मग ही पद्धत आता का चालू नये, असे मला विचारावेसे वाटते. इतरत्र ती चालवून पाहिली जात आहे, आणि तेही आपल्या दूरच्या नात्यातल्यांकडून. आपल्या सहांपैकी एक शाखा ब्रिटिश मेथडिस्टांची होती. त्यांच्या परिषदेने २०२१ साली समलिंगी विवाहाला परवानगी दिली, पण ज्या पाळकाला ते पटत नाही त्याच्यावर सक्ती ठेवली नाही. स्टीफन हिस्लॉप यांना १८४५ साली नागपुरात पाठवणाऱ्या फ्री चर्चचा मोठा भाग पुढे १९०० आणि १९२९ च्या एकीकरणांतून चर्च ऑफ स्कॉटलंडमध्ये आला, आणि त्या चर्चनेही २०२२ साली असेच ठरवले. ज्याला हे लग्न लावायचे आहे त्याने लावावे, ज्याला नको त्याने लावू नये. तुमच्या कॉलेजच्या मूळ घरची ही बातमी कुणी कात्रण काढून पाठवली नाही, म्हणून मी कळवते.

तुम्ही यावर काय म्हणाल तेही मला ठाऊक आहे, आणि त्यात तथ्य आहे. बाप्तिस्मा आज की वीस वर्षांनी, हा प्रश्न वेळेचा होता, दोन्ही बाजूंना बाप्तिस्मा हवाच होता. इथे एक बाजू ज्याला पाप म्हणते, त्याला दुसरी आशीर्वाद देते. अर्धे पाप आणि अर्धा आशीर्वाद अशी वाटणी करता येत नाही. या आक्षेपाला माझ्याकडे पुरते उत्तर नाही. मी एवढेच म्हणेन, की स्त्रियांच्या दीक्षेबद्दलही हेच म्हटले जात होते. रोमने १९९४ साली तो विषय कायमचा मिटल्याचे जाहीर केले, आणि त्याच वर्षी चर्च ऑफ इंग्लंडमध्ये स्त्रियांना पहिल्यांदा प्रीस्ट म्हणून दीक्षा मिळाली. २०१३ साली चर्च ऑफ साउथ इंडियाच्या नंद्याळ डायोसिसमध्ये (बिशपच्या प्रांतात) पुष्पा ललिता बिशप झाल्या, पुढे आपल्या चर्चमध्येही स्त्री बिशप झाल्या. आणि आपल्या मंडळीत पहिल्यांदा पाळकबाई प्रभुभोजन द्यायला उभ्या राहिल्या, तेव्हा बाबा मुद्दाम उजवीकडच्या रांगेतून उठून डावीकडे गेले होते. त्यानंतर कितव्या रविवारी ते आपणहून उजवीकडे परतले, हे आई सांगू शकेल. (पाळकबाईंच्या निरोप समारंभात सर्वांत लांबलेले भाषण कुणाचे होते, हेही आईच सांगेल.)

एका बाबतीत मात्र मला सगळ्याच पंथांचा राग येतो. दरवर्षी १० ऑगस्टला कॅथलिक आणि प्रोटेस्टंट दोघेही काळा दिवस पाळतात, कारण १९५० च्या त्या तारखेच्या आदेशाने दलित ख्रिस्ती अनुसूचित जातींच्या यादीबाहेर राहिले. पुढे १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना त्यात जागा मिळाली, आपल्याला नाही. जे एका वेदीवर भोजन घेऊ शकत नाहीत, ते त्या दिवशी एका रस्त्यावर उभे राहतात, आणि ते योग्यच आहे. पण बाहेर ठेवणारे सरकार असले, की आपल्याला आवाज फुटतो. बाहेर ठेवणारी आपलीच मंडळी असली, की तो विषय 'नाजूक' होतो. इथे सिव्हिल लाइन्समध्ये कार्यालय असलेल्या राष्ट्रीय चर्च परिषदेने या नाजूक विषयावर अभ्यास आणि चर्चा चालवल्या आहेत, पण तिथून मंडळीचा कारभार पाहणाऱ्या आपल्या पास्टोरेट कमिटीच्या टेबलापर्यंतचे अंतर भलतेच लांब दिसते.

आता धाकट्याबद्दल. त्याने तुम्हाला तीन वर्षांपूर्वी सांगितले, ते तुम्ही ऐकून घेतले आणि घरातच ठेवले. मंडळीत कुणी त्याला हाकलले नाही, हे बाबा म्हणतात ते अक्षरशः खरे आहे. झाले ते असे. एका रविवारी उपासना संपल्यावर कमिटीतल्या एकांनी त्याला सायकल स्टँडजवळ गाठले आणि खांद्यावर हात ठेवून, अगदी प्रेमाने सांगितले, की पेटीवर आता नव्या मुलाला बसू दे, तू जरा विश्रांती घे, लोक बोलतात. इतिवृत्तात याची नोंद नाही. धाकट्याने त्या मुलाला आपले गीतांचे पुस्तक दिले. त्यात प्रत्येक गीताच्या डोक्यावर त्याने पेन्सिलीने पट्टी लिहून ठेवली होती, कुठे 'काळी दोन', कुठे 'पांढरी चार', आणि बाबांच्या आवडत्या गीतावर 'बाबांसाठी अर्धी पट्टी खाली'. ते पुस्तक मागच्या खेपेला मी पेटीवर उघडे पाहिले. नवा मुलगा त्याच खुणांवर वाजवतो.

बाबा, मी बारा वर्षांची असताना आईच्या आईसाठी मिस्सा झाला होता, तो तुम्हाला आठवतो. ख्रिस्तप्रसादाची वेळ आली तेव्हा आमच्या बाकावरचे सगळे उठले, आणि तुम्ही गुडघे एका बाजूला वळवून एकेकाला वाट करून दिलीत. मामा गेले, आई गेली. आईची पर्स तुमच्या मांडीवर होती आणि तुम्ही तिचा बंद उघडत होता, लावत होता. जिला तुम्ही शेवटचे सहा महिने हाताने भरवलेत, तिच्याच मिस्साला तुम्ही बाकावर होता. कॅथलिक नसलेल्याने ख्रिस्तप्रसाद घ्यायचा नाही, हा त्यांचा नियम तुम्हाला पाठ होता आणि तुम्ही तो कधी मोडला नाही. फक्त परतताना रिक्षात एवढेच म्हणालात, 'त्यांची चूक नाही. पण मला आज पाहुणा केले.' याउलट आपल्या मंडळीत आईला पहिल्या रविवारपासून प्रभुभोजन मिळाले, याचा तुम्हाला किती अभिमान होता.

मी कमिटीकडे लग्नविधीची मागणी करत नाही, धाकटाही करत नाही. इथल्या कायद्यातही ती सोय नाही. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी संबंधांवरचा गुन्ह्याचा शिक्का पुसला, पण २०२३ साली विवाहाचा प्रश्न संसदेकडे सोपवला. मी बाबांकडे एक छोटे पत्र मागते आहे. तुम्ही तीस वर्षे त्या कमिटीवर होता, तुमच्या अक्षराला तिथे अजून मान आहे. धाकट्याला पेटीवरून उठवण्याचा ठराव कोणत्या तारखेला झाला, एवढेच विचारा. ठराव झालेलाच नाही, त्यामुळे उत्तर देणे त्यांना जड जाईल.

आणि आई, त्याला आणण्याचे मी कबूल करत नाही, कारण तो एकटा येणार नाही. तुम्ही दोघे या. २२ तारखेची महाराष्ट्र एक्स्प्रेसची नगरहून दोन तिकिटे काढली आहेत, दोन्ही खालचे बर्थ मिळाले. स्टेशनवर गाडी घेऊन धाकट्याचा मित्र येईल, कारण गाडी त्याची आहे आणि धाकट्याला रहदारीत अजून धीर होत नाही. मित्र थोडा घाबरलेला आहे. तुम्हाला कोणती हाक मारायची, असे त्याने मला दोनदा विचारले. मी सांगितले, की ते बाबाच ठरवतील.

तुमची,
थोरली